आम्ही वाट चुकलो

रस्ता विचारणे हा आमच्या घराण्यात कमीपणा समजला जातो. माझ्या वडिलांनी हयातीत कधी कुणाला रस्ता विचारल्याचे मला आठवत नाही. एकदा नाशकात एका लग्नाला म्हणून निघालेले आम्ही सगळे दुसऱ्याच कार्यालयात जाऊन बसलो, अक्षता टाकल्या, पहिल्या पंगतीला जेवलो, आणि मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावताना आईच्या लक्षात आले की नवरी आपली नव्हे. वडिलांनी जिलबीचा शेवटचा तुकडा संपवला आणि शांतपणे म्हणाले, "असू दे. जेवण चांगलं आहे."

हा वारसा थोरला म्हणून माझ्याकडे आला. धाकटा भाऊ बाळ मात्र आईच्या वळणावर गेला. (साठी उलटली तरी घरात तो बाळच आहे.) तो वाटेत भेटेल त्याला थांबवून रस्ता विचारतो, आणि रस्ता कळल्यावरही त्या माणसाचे गाव, मुलेबाळे आणि यंदाचा पाऊस विचारून घेतल्याशिवाय त्याला सोडत नाही. राहता राहिली आमची सौ. "अहो, त्या पानवाल्याला विचारा ना," हे वाक्य तिने लग्नापासून आजवर किती वेळा उच्चारले असेल याचा हिशेब चित्रगुप्तालाच ठाऊक. तेव्हा माझ्या एकसष्टीला चिरंजीवांनी वाट दाखवणारे यंत्र भेट दिले, त्या वेळी घरात केवढा हशा पिकला असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

"यंत्राला विचारण्यात कमीपणा नाही ना?" सौ.ने विचारले.

मी उत्तर दिले नाही. पण त्या यंत्राची हकीकत सांगण्यासारखी आहे. तिचा शेवट तसा माझ्या मोठेपणाला शोभणारा नाही, तरी सांगतो.

२०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे मुलाकडे अमेरिकेत, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरी, तीन महिन्यांसाठी गेलो होतो. पहिला आठवडा कौतुकात गेला आणि दुसरा भांडी धुण्याचे यंत्र कसे लावायचे ते शिकण्यात. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आले की नऊ वर्षांच्या नातवाशी बोलायला माझ्याजवळ काही उरलेले नाही. "जेवलास का?" आणि "शाळा काय म्हणते?" हे दोन प्रश्न संपले की आम्ही दोघेही खिडकीबाहेर बघत बसत असू. त्याला मराठी समजे, पण बोलताना तो लाजे. माझे इंग्रजी त्याला समजे, पण ऐकताना त्याला हसू येई.

एका शनिवारी सकाळी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हातात एक पिवळे-काळे यंत्र होते, अंगणात पडलेल्या साबणाच्या वडीएवढे. "आजोबा, कॅश शोधायला येणार?" त्याने विचारले.

आतून सौ. म्हणाली, "जा की. किती मिळते ते तरी बघा."

ही कॅश म्हणजे रोकड नव्हे, हे मला वाटेत कळले. कॅश म्हणजे दडवून ठेवलेला डबा. कुणीतरी तो रानात, बागेत किंवा पुलाखाली लपवून ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी हातात यंत्र घेऊन तो हुडकायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची, आतली एखादी चीज घ्यायची असेल तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची, आणि डबा होता तसा पुन्हा लपवायचा. खेळाचे नाव जिओकॅशिंग. लपंडावच तो, फरक एवढाच की लपवणारा केव्हाच घरी जाऊन झोपलेला असतो.

या खेळाचा जन्म पोर्टलंडच्याच परिसरात झाला, हे नातू मला मोठ्या अभिमानाने सांगत होता. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आकाशात उपग्रह सोडले होते. त्यांच्या संदेशांवरून आपण पृथ्वीवर कुठे आहोत हे काढता येई. या योजनेचे नाव जीपीएस. परंतु लष्कराला मिळे ती अचूकता इतरांना मिळू नये म्हणून नागरिकांसाठीचा संदेश मुद्दाम बिघडवलेला असे. त्यामुळे शंभर मीटरपर्यंत चूक होई, आणि शंभर मीटरच्या चुकीत डबा कसला, गावचे देऊळही सापडायचे नाही. १ मे २००० च्या मध्यरात्री राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने हे बिघडवणे बंद झाले. यंत्रे एका रात्रीत शहाणी झाली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थाने पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीक गावाबाहेर एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. तिच्यात पुस्तके, संगणकाचे प्रोग्रॅम, थोडे पैसे, एक गलोल आणि शिजवलेल्या कडधान्याचा एक डबा होता. तिचे अक्षांश-रेखांश त्याने जाहीर केले, आणि माइक टीग नावाच्या माणसाने ती सर्वांत आधी शोधून काढली. आता तिथे रस्त्याकडेला जमिनीत एक पाटी बसवली आहे. लोक पंढरीला गेल्यासारखे तिथे जातात. आम्हीही जाऊन आलो.

पण आमचा पहिला डबा घराजवळच्या एका उपवनात होता. यंत्राच्या करड्या पडद्यावर एक बाण आणि एक आकडा दिसत होता. आकडा फुटांचा. दोनशे, दीडशे, नव्वद, चाळीस. मग मी थबकलो, आणि बाण वेड्यासारखा गरगर फिरू लागला.

"बिघडलं हे," मी म्हणालो.

"आजोबा, उभं नाही राहायचं," नातू म्हणाला. त्याच्या तोंडून इतके मोठे मराठी वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "चालायचं. मग बाण सांगतो."

त्याचे म्हणणे अगदी खरे होते. त्या साध्या यंत्रात होकायंत्र नव्हते. आपण मघाशी कुठे होतो आणि आता कुठे आहोत, या दोन जागांवरून ते दिशा ठरवते. माणूस उभा राहिला तर त्याचे तोंड कुठे आहे हे त्याला कळत नाही. चार पावले टाकली की कळते. मी चार पावले टाकली. बाण जागेवर आला.

पंधरा फुटांवर आल्यावर नातवाने यंत्र सरळ खिशात टाकले. "आता डोळे," तो म्हणाला. यंत्राची धाव तेवढीच. दहा-पंधरा फूट इकडेतिकडे ते चुकणारच. पुढचे आपण बघायचे. नेच्याच्या झुडपाखाली, एका पडक्या ओंडक्याच्या पोटात डबा होता. वहीत मी मराठीत लिहिले, "मी आणि माझा नातू इथे आलो होतो." ती अक्षरे तो बराच वेळ बघत राहिला. पुढच्या डब्याच्या वेळी त्याने वही माझ्या हातातून ओढून घेतली आणि स्वतःचे नाव देवनागरीत कसे लिहायचे ते विचारले. आम्ही परतलो तोवर तिथल्या तेवीस डब्यांत त्याचे नाव देवनागरीत लिहिलेले होते. शेवटच्या पाच-सहा डब्यांत वेलांट्याही बरोबर होत्या.

हे यंत्र चालते कसे, ते चिरंजीवांनी एका संध्याकाळी मला समजावून सांगितले. वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून हे उपग्रह फिरत असतात. आज ते तीसएक आहेत. प्रत्येकाजवळ अणुघड्याळ असते, आणि प्रत्येक जण अखंड एकच जप करीत असतो: आता अमुक वाजले, आणि मी अमुक ठिकाणी आहे. हातातले यंत्र स्वतः एक अक्षर बोलत नाही, नुसते ऐकते. निरोप किती उशिरा पोचला यावरून ते त्या उपग्रहाचे अंतर काढते. निरोप प्रकाशाच्या वेगाने येतो. तेव्हा वेळ मोजताना सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर जमिनीवर तीनशे मीटरची चूक होते.

"तीन उपग्रहांपासूनची अंतरं कळली की जागा कळायला हवी," चिरंजीव म्हणाले. "पण चौथा लागतोच. का सांगा."

मी सांगू शकलो नाही.

"कारण हातातल्या यंत्राचं घड्याळ साधं असतं. ते चुकतं. यंत्र आपलं घड्याळ चुकीचं आहे असं धरूनच गणिताला बसतं. चौथा असतो ती चूक काढायला. स्वतःची चूक आणि स्वतःची जागा ही दोन्ही उत्तरं एकदम निघतात. एक काढल्याशिवाय दुसरं निघत नाही."

बोलता बोलता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचे एक प्रवासी विमान मार्ग सोडून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे मेली. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केले की ही योजना पूर्ण झाली म्हणजे तिचा लाभ साऱ्या जगाच्या नागरिकांना देण्यात येईल. ती पूर्ण व्हायला १९९५ साल उजाडले.

सप्टेंबर १९८३! मी उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. सौ.ने एकदा माझ्याकडे पाहिले आणि चिरंजीवांना दुसरेच काहीतरी विचारले. तिला ठाऊक होते.

त्या महिन्यात मी आणि बाळ राजगडावरून तोरण्याला निघालो होतो. गणपती नुकतेच गेले होते. "पितृपक्षात डोंगरात कशाला जाता?" असे आई म्हणाली होती. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, बाळ चोवीसचा. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने खाली उतरायचे, डोंगराची धार धरून चालायचे, वेल्ह्याहून भुतोंड्याकडे जाणारा रस्ता जिथे धार ओलांडतो ती खिंड पार करायची, आणि शेवटी तोरण्याच्या बुधला माचीवर चढायचे. दोन गडांमध्ये सरळ रेषेत सातएक किलोमीटर. चालायला पुरता एक दिवस. मी ही वाट पूर्वी एकदा चाललो होतो, तीही उन्हाळ्यात, दहा जणांच्या मागोमाग. पण चाललो होतो. तेवढे मला पुरे होते.

माची उतरलो आणि धुके आले. सह्याद्रीतले धुके ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. पुढे चाललेल्या माणसाची पिशवी दिसते, माणूस दिसत नाही. तासाभराने धार रुंद झाली आणि एकीच्या दोन वाटा झाल्या.

"उजवीकडची," बाळ म्हणाला.

"डावीकडची," मी म्हणालो. आणि थोरला मी होतो.

डावी वाट उतरू लागली. ती धारेची वाट नव्हती, सोंडेवरची ढोरवाट होती. गुरे जिथवर चरायला जातात तिथवर ती गेली आणि कारवीत विरून गेली. बाळ थांबला. "दादा, मागे फिरू. आलो त्या वाटेनं वर जाऊ." मी म्हणालो, "आता खाली खिंड लागेलच." खिंड लागली नाही, शेवाळलेला कातळ लागला. बाळ दीड पुरुष खाली घसरला, आणि त्याच्या पायाचे हाड मोडल्याचा आवाज मला वर ऐकू आला.

ती रात्र आम्ही त्या कातळाखाली पावसात काढली. बाळ कण्हत नव्हता. मी झोपू नये म्हणून तो मला शाळेतल्या गमती सांगत होता. पहाटे माझ्या हाका ऐकून एक धनगर आला, त्याने आणखी तिघांना आणले, आणि घोंगडीची झोळी करून त्यांनी बाळला उतरवले. हाड नीट सांधले नाही. तेव्हापासून बाळ उजवा पाय ओढत चालतो. पुढे त्याला सांगून आलेल्या दोन मुली त्या पायापायी परत गेल्या. त्याने पुन्हा डोंगर पाहिला तो आगगाडीच्या खिडकीतून.

इस्पितळाच्या दारात वडिलांनी विचारले, "काय झालं?" मी म्हणालो, "आम्ही वाट चुकलो."

आपली मराठी मोठी सोयीची आहे. "मी चुकलो" आणि "आम्ही चुकलो" यांत क्रियापद तेच राहते. कर्ता तेवढा बदलायचा. मी तो बदलला, आणि खाटेवर पडलेल्या बाळने माझ्याकडे पाहिले व मान डोलावली. त्यानंतर तेहतीस वर्षे घरात कुणी ती गोष्ट काढली की मी "आम्ही" म्हणायचो आणि बाळ गप्प राहायचा. मी मनाशी म्हणायचो, दोन वाटा होत्या, धुके होते, कुणालाही कळले नसते. उजवीही चुकीची निघाली असती. ते खरे की खोटे हे पाहायला मात्र मी एकदाही गेलो नव्हतो.

पुण्यास परतताना ते पिवळे यंत्र माझ्या पिशवीत होते. नातवाने आपले मला देऊन टाकले आणि वडिलांकडून नवे उकळले. एकसष्टीची भेट ती हीच. डिसेंबरात मी शेजारच्या दोन तरुण मुलांना बरोबर घेतले आणि गुंजवण्याहून राजगड चढलो. रात्री पद्मावतीच्या देवळात मुक्काम केला. सकाळी आभाळ निरभ्र होते, गवत सोनेरी झाले होते, आणि समोर तोरणा हात लांबवला तर लागेल असा दिसत होता.

अळू दरवाजाशी मी यंत्रात खूण केली. या यंत्रांचे खरे काम हेच. नुसता बाण पाहत चालणाऱ्याला ते दगा देते, कारण बाण कावळ्याच्या वाटेने जातो. मध्ये कडा आहे की ओढा, हे त्याला दिसत नाही. उंचीच्या आकड्यावरही डोळे मिटून विसंबू नये. खोल घळीत तर कड्यावर आपटून आलेला संदेश त्याला फसवतो. परंतु निघताना ते चालू केले, तर ते आपल्या प्रत्येक वळणाची रेघ मुकाट्याने काढत राहते, आणि धुके आले, अंधार पडला, तरी त्या रेघेवरून आपल्याला पावलापावलाने परत आणते. आता तुम्ही म्हणाल, हे तर खिशातला फोनही करतो. करतो, त्यालाही हेच उपग्रह ऐकू येतात, रेंज नसली तरी येतात, आणि नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर तो वाटही दाखवतो. पण पावसात भिजलेल्या बोटांनी तो चालवून पाहा, आणि फोटो काढून काढून संध्याकाळी त्यात वीज किती उरते तेही पाहा. माझ्या यंत्राला दोन पेन्सिल सेल पुरतात, आणि ते किराणा दुकानात मिळतात.

धार रुंद झाली तिथे मी थांबलो. दोन वाटा होत्या. मुलांना तिथेच बसवून मी आधी डावीकडे उतरलो. ढोरवाट, कारवी, आणि मग तो कातळ. मला वाटले होते ओळखू येणार नाही, पाहताक्षणी ओळखला. डिसेंबरात तो कोरडा होता, आणि इतका लहान होता की मला क्षणभर रागच आला. मी तिथे खूण केली. मग यंत्रातल्या रेघेवरून मागे फिरलो आणि वर आलो. वेळ लागला सव्वीस मिनिटे.

मग उजवीकडे गेलो. दीडशे पावलांवर ती वाट धारेच्या मळलेल्या वाटेला मिळाली, आणि पुढे खिंडीपर्यंत सारे उघडे, सरळ, स्वच्छ होते. तिथे उभे राहून मी यंत्राला विचारले, कातळाची खूण इथून किती लांब? आकडा आला: एकशे ऐंशी मीटर. ज्या वाटेच्या शोधात आम्ही ती रात्र काढली, ती आमच्या डोक्यावर एकशे ऐंशी मीटरवर होती. आणि मागे फिरलो असतो, तर सव्वीस मिनिटांवर होती. धुक्यात दुप्पट धरा, तासावर.

तरुण मुलांनी विचारले, "काका, सापडलं का हवं ते?" मी म्हणालो, "सापडलं." यंत्राला थोरला-धाकटा कळत नाही, ही त्याची मोठीच सोय.

पुढच्या रविवारी मी बाळकडे गेलो. वहिनी पोहे करीत होती. तो गॅलरीत वर्तमानपत्र वाचत बसला होता. मी यंत्र त्याच्या पुढ्यात ठेवले आणि पडद्यावरच्या दोन रेघा दाखवल्या. ही तू म्हणालास ती. ही माझी. ही कातळाची खूण. मग वाक्य जुळवायला मला जरा वेळ लागला.

"बाळ," मी म्हणालो, "मी वाट चुकलो होतो. आम्ही नव्हे. मी."

तो बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिला. मग चश्मा काढून पुसला. "दादा," तो म्हणाला, "तुला खरं सांगू? उजवी मला तरी कुठं ठाऊक होती? तू डावीकडे वळायला लागलास, म्हणून मी उजवी म्हणालो. तू उजवीकडे वळतास तर मी डावी म्हटलं असतं. तेव्हा सगळ्या गोष्टीत आपलं तसंच चालायचं."

मला एकदम हलके वाटले. तेहतीस वर्षे! म्हणजे कुणालाच काही ठाऊक नव्हते तर! मी हसायला लागलो. बाळही हसला. मग त्याने पोह्यांची बशी माझ्यापुढे सरकवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "पण मागे फिरू म्हटलं होतं ना, ते मनापासून म्हटलं होतं."

मी बशी हातात घेतली, पण घास उतरेना. दोन वाटांपैकी एक चुकणे हे धुक्याचे पाप होते. ते बाळने आपल्या अंगावर घेऊन वाटून टाकले, कदाचित मला हलके वाटावे म्हणून थोडे खोटेही बोलून. ते खरे होते की खोटे हे सांगणारे उपग्रह अजून कुणी सोडलेले नाहीत. पण चुकलो हे दिसत असताना मागे न फिरणे, हे माझे एकट्याचे होते. ते त्याने माझ्याजवळच राहू दिले. योग्यच केले.

"खा," तो म्हणाला. "गार होतील. आणि हे कसं चालतं ते दाखव."

पुढल्या दिवाळीत चिरंजीव सहकुटुंब आले. तोवर बाळ त्या यंत्रात माझ्यापेक्षा तरबेज झाला होता. त्याला गड चढता येत नाही. पण बागेत, टेकडीच्या पायथ्याशी, कालव्याच्या काठाने तो मैल मैल हिंडतो. नरकचतुर्दशीला सकाळी फराळ झाल्यावर त्याने नातवाच्या हातात एक चिठोरी दिली. तिच्यावर दोन आकडे होते. अठरा अंश अमुक उत्तर, त्र्याहत्तर अंश अमुक पूर्व. आमच्या सोसायटीच्या आवारातच कुठेतरी त्याने डबा लपवला होता.

"काय आहे त्यात?" नातवाने विचारले.

"चकल्या."

"बाळआजोबा!" तो किंचाळला. "डब्यात खायचं ठेवायचं नसतं! मुंग्या येतात. खारी येतात. नियम आहे!"

"पहिल्या बादलीत उसळ होती की रे," बाळ म्हणाला. एव्हाना त्याने खेळाचा सगळा इतिहास पाठ केला होता.

दोघे निघाले. नातवाने नवे यंत्र मला दिले आणि जुने पिवळे स्वतः घेतले. अर्धे आवार पालथे घालून झाले तरी मला डबा दिसेना. मी पाण्याच्या टाकीमागे पाहिले, बाकाखाली पाहिले, रखवालदाराच्या खोलीत पाहिले. तो बिचारा घाबरून उभाच राहिला. बाण गरगर फिरत होता. पलीकडून नातवाचा आवाज आला, "उभं नाही राहायचं!"

गॅलरीतून सौ. सगळे बघत होती. "अहो," ती म्हणाली, "सापडला का?"

"नाही."

"मग विचारा की कुणाला तरी."

बाळ पारिजातकाखाली पाय ओढत येरझारा घालत होता. मी त्याच्याजवळ गेलो आणि विचारले.